पुढची तारीख

बालगृहाच्या आवारातली एक खोली. लांब टेबलाच्या एका बाजूला बाल कल्याण समिती, दुसऱ्या बाजूला नऊ वर्षांची मुलगी. आदल्या रात्री ती रेल्वे पोलिसांना जंक्शनच्या फलाटावर एकटी सापडली होती. नाव विचारलं तेव्हा सांगितलं. गाव विचारलं तेव्हा गप्प झाली. बाहेर व्हरांड्यात तिचे काका आधार कार्ड घेऊन उभे होते. "आमचीच पोर आहे मॅडम, रागानं निघून आली. सही कुठं करू तेवढं सांगा."

ही मुलगी खरी आहे आणि नाहीही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीच छापता येत नाही. छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मनाई नसती तरी छापू नये. म्हणून तीन वर्षं समितीत बसून मी पाहिलेल्या अनेक मुलींची मिळून इथं एक मुलगी केली आहे.

काकांचा कागद चोख होता. रक्ताचं नातं, शहरात पक्कं घर, मुलीला ओळखणारा माणूस. २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा आपल्या तिसऱ्या कलमात सोळा तत्त्वं सांगतो. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, हे त्यातलं एक. मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, हे दुसरं. मुलाला लवकरात लवकर त्याच्या घरी पोचवावं, हे तिसरं. तिन्ही तत्त्वं काकांच्या बाजूनं उभी होती. दुसऱ्या बाजूला होती दोन: मुलाचं म्हणणं ऐकून घेणं आणि प्रत्येक निर्णयात मुलाचं सर्वोत्तम हित पाहणं. मुलगी तर बोलतच नव्हती.

अशा वेळी समितीच्या हातात काय असतं? अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक स्त्री. महिन्यातून किमान वीस बैठका आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत समितीपुढे आलं पाहिजे. पुढे पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल आणि मूल पहिल्यांदा समोर आल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश. हे आकडे कार्यालयाच्या सोयीसाठी लिहिलेले नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीसाठी चार महिने म्हणजे शाळेचं जवळजवळ एक सत्र. दीड वर्षाच्या बाळासाठी तेच चार महिने म्हणजे चालायला लागण्यापासून बोलायला लागण्यापर्यंतचा काळ.

समितीने काकांना सही करू दिली नाही. मुलीला बालगृहात ठेवून पुढची तारीख दिली.

दोन दिवसांनी अधीक्षकांच्या नोंदवहीत एक ओळ आली: जेवण झाल्यावर मुलगी न सांगता मोरीपाशी बसते आणि सगळ्यांची ताटं घासते. नको म्हटलं तर घाबरते. त्या एका ओळीनं प्रकरण फिरलं. समुपदेशक ताई तिच्या शेजारी मोरीपाशी जाऊन बसल्या, त्यांनीही राख-काथ्या हातात घेतला. तिसऱ्या दिवशी मुलगी बोलली. काकीनं शाळेत घालते म्हणून आणलं. शाळा नाही. पहाटे पाणी, मग भांडी, मग काकीचं बाळ सांभाळायचं. आणि आई? "आई कारखान्यावर गेली. पट्टा पडला की येईल."

मराठवाड्यात राहणाऱ्याला या उत्तराचा अर्थ सांगावा लागत नाही. दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल घेतलेली बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात; गाळप संपलं, म्हणजे पट्टा पडला, की मार्च-एप्रिलात परततात. तपासणीसाठी कार्यकर्ता गावी गेला तर घराला कुलूप असतं. अहवालावर 'पालक आढळले नाहीत' असा शेरा मारून फाइल परत पाठवणं सोपं. या प्रकरणात गेलेल्या माणसानं शेजारी विचारलं, तेव्हा दोन घरं पलीकडे मुलीची आजी भेटली. मुकादमाच्या मोबाइलवर आई सापडली. बाप दोन वर्षांपूर्वी वारला होता. पोर शहरात शिकतेय, या समजुतीत ती फडात मोळ्या बांधत होती.

पहिल्याच दिवशी काकांची सही घेतली असती तर प्रकरण एका तासात निकाली निघालं असतं आणि महिन्याच्या तक्त्यात 'कुटुंबात पुनर्स्थापना' या रकान्यात एक आकडा वाढला असता. दिरंगाई मुलांना छळते हे सगळे मान्य करतात. घाईनं केलेलं नुकसान मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मुलांच्या प्रकरणात वेळ वेगळा मोजायला हवा, हे आपल्या न्यायालयांना एका पत्रकार स्त्रीनं भाग पाडून मोजायला लावलं. शीला बारसे यांनी देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयानं बजावलं की मुलांना तुरुंगात ठेवू नका, जिल्हा न्यायाधीशांनी जाऊन पाहणी करावी आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तीन महिन्यांत तपास पुरा झाला नाही तर मुलावरचं प्रकरण बंद समजावं. त्याच वर्षी संसदेनं देशाला लागू होणारा पहिला बाल न्याय कायदा केला. त्याआधी मुंबई इलाख्यात १९२४ चा बाल कायदा होता. १९९२ मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या तिसऱ्या कलमात मुलाचं हित आहे आणि बाराव्यात मुलाचं म्हणणं. पहिल्याचा उल्लेख प्रत्येक आदेशात येतो, दुसऱ्याचा क्वचित.

म्हणणं ऐकायचं कसं, याचा खरा कस पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यात लागतो. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला हा कायदा बारकाईनं लिहिला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यावा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवू नये. न्यायालयात वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यावेत आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारावेत. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओची सोय असावी. दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पुरा व्हावा.

तीस दिवसांमागे साधं कारण आहे. मुलं घड्याळानं आठवत नाहीत. 'किती वाजले होते?' या प्रश्नाला सात वर्षांचं मूल काहीतरी सांगून मोकळं होतं. 'मधली सुट्टी झाली होती का?' असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं. पण दोन वर्षांनी साक्ष झाली तर शाळा बदललेली असते, वर्ग बदललेला असतो, मधल्या सुट्टीचा तो दिवस इतर दिवसांत मिसळून गेलेला असतो. मग उलटतपासणीत मुलाच्या आठवणीतली प्रत्येक फट खोटेपणाची खूण ठरवली जाते. शिवाय ती गोष्ट विसरून पुढे जाण्याचा हक्कही मूल गमावतं, कारण तारीख लागेपर्यंत घरातल्या मोठ्यांना तिची पुन्हा पुन्हा उजळणी करून घ्यावीशी वाटते.

जानेवारी २०२२ मध्ये, महाराष्ट्र राज्याविरुद्धच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्ष केंद्र उभारायला सांगितलं आणि देखरेख न्या. गीता मित्तल यांच्याकडे दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये पोक्सो प्रकरणांतल्या सहाय्यक व्यक्तीबद्दल निर्देश आले. ही सहाय्यक व्यक्ती मुलाबरोबर जबाबापासून निकालापर्यंत राहते. तारीख पुढे गेली तर का गेली, ते मुलाला त्याच्या भाषेत सांगते. खटल्यात एवढं करणारं दुसरं कुणीच नसतं. वकील सरकारचा असतो, पोलीस तपासाचे असतात, आईवडील स्वतःच हादरलेले असतात.

अगदी तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर दोन घड्याळं एकमेकांविरुद्ध चालतात. बाळ समितीच्या स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. ते दिवस तिचे आहेत. पाळण्यापाशी रडणाऱ्या दत्तकोत्सुक जोडप्याकडे पाहून त्यातला एकही कापता येत नाही. बेवारस सापडलेल्या दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र समितीनं दोन महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित करायचं असतं. तिथं पालकांच्या शोधाची जाहिरात, पोलिसांचा अहवाल, एखादी राहिलेली सही यांत गेलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या आयुष्यातून वजा होतो. दत्तकाचा अंतिम आदेश सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. बदल वेळ वाचावा म्हणून झाला. वेळ खरंच वाचतो का, हे त्या टेबलावर ही फाइल कुठल्या गठ्ठ्यात ठेवली जाते यावर ठरतं.

मोरीपाशी बसणाऱ्या मुलीचा आदेश अडीच महिन्यांत झाला. आईला उचल फिटेपर्यंत येता येईना, तेव्हा समितीनं तिच्याशी व्हिडिओवर बोलून तिची संमती घेतली. मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आजीकडं. पण शाळा पायजे." आजीकडे ताबा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाची देखरेख, मिशन वात्सल्यमधून महिना चार हजारांचं प्रायोजकत्व आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव, असा तो आदेश होता. काका-काकींविरुद्ध कारवाईसाठी पोलिसांना वेगळं पत्र गेलं.

पुढच्या हंगामात आई पुन्हा कारखान्यावर गेली. फेब्रुवारीत कार्यकर्ता गृहभेटीला गेला तेव्हा मुलगी शाळेतून नुकतीच आली होती. वह्या दाखवल्या, पाढे म्हणून दाखवले. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. मार्चच्या पानावर तिनं पेन्सिलनं एका तारखेला गोल केला होता. आजी म्हणाली, तो गोल आतापर्यंत दोनदा खोडून पुढे नेलाय.