विजेचे गणित

गणिताच्या तासाला आम्ही गुणाकार-भागाकारात पेढे वाटतो, आंबे वाटतो, वह्या वाटतो. पण वीजसुद्धा गुणता-भागता येते, हे मला या थंडीत कळले.

गुरुजींनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. दाब, प्रवाह आणि रोध. ते म्हणाले, "गावची पाण्याची टाकी उंच का बांधतात? उंचावरून पाण्याला जोर येतो. तो जोर म्हणजे दाब. नळातून वाहते तो प्रवाह. नळ बारीक असला की पाणी अडते, तो रोध." विजेचेही तसेच असते. दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये. आपल्या घरी २३० व्होल्टची वीज येते.

जॉर्ज ओहम जर्मनीत शाळेत शिकवायचे. त्यांचे वडील कुलपे बनवत. ओहम यांनी १८२७ साली आपला नियम पुस्तकात छापला. दाबाला प्रवाहाने भागले की रोध येतो. आणखी एक नियम गुरुजींनी सांगितला. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती येते. ती वॉटमध्ये मोजतात.

आमच्या आजीचे गुडघे दुखतात. तिला पहाटे अंघोळीला कढत पाणी लागते. म्हणून घरात पाणी तापवायचा रॉड आहे. त्याच्यावर १५०० वॉट लिहिलेले आहे. आमच्या बोर्डावर मात्र ६ अँपिअर लिहिलेले. मी पाटीवर मांडले.

६ × २३० = १३८०

म्हणजे बोर्ड १३८० वॉटचा आणि रॉड १५०० चा! मी आबांना पाटी दाखवली. आबा म्हणाले, "दोन वर्षं चाललाय की. काय होतंय त्याला?" तरी त्यांनी बटण बंद करून प्लग काढून बघितला. प्लग चांगलाच तापला होता आणि एका पिनीजवळ तपकिरी पडला होता. आबा काहीच बोलले नाहीत. आजी म्हणाली, "पोरगं खरं सांगतंय."

ताई नववीत आहे. तिने १५०० ला २३० ने भागले. साधारण साडेसहा अँपिअर आले. मग २३० ला साडेसहाने भागले, तर रॉडचा रोध सुमारे ३५ ओहम आला.

शेतातल्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे दाब उतरतो. तेव्हा पाणी लवकर तापत नाही. आजीला वाटायचे रॉड बिघडला. ताई म्हणाली, दाब १८० व्होल्ट झाला असे समजू. रोध तोच ३५. मग १८० भागिले ३५ म्हणजे साधारण ५ अँपिअर. ५ × १८० = ९००. रॉडवर १५०० लिहिले असले तरी तेव्हा तो ९०० वॉटचेच काम करतो. रॉडचा काही दोष नाही!

आबांनी वायरमनला बोलावून जाड वायर ओढून घेतली आणि १६ अँपिअरचा बोर्ड बसवला. १६ × २३० = ३६८०. तोपर्यंत चार दिवस आजीचे पाणी चुलीवर तापवले.

मित्रांनो, तुम्हीपण घरातल्या वस्तूंवरचे वॉट वाचा. बोर्डावरचे अँपिअर वाचून २३० ने गुणा. वॉट जास्त भरले तर मोठ्या माणसांना सांगा. आपण बोर्डाला हात लावायचा नाही, पाटीवरच गणित करायचे.

— इयत्ता चौथी