ईस्टर तेरा तारखेला का नव्हता?

देवास,
20 मे 2025

चि. बाय,

तुझं पत्र मिळालं. सहा दिवसांत जग झालं तर डायनासोर कितव्या दिवशी, असं धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारणाऱ्या पोराला तू फादरांकडे पाठवलंस. फादर काय म्हणाले ते लिहिलं नाहीस. म्हणजे त्यांनीही त्याला परत तुझ्याकडेच धाडलं असणार.

त्यालाच उलट विचार. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग आधीचे तीन दिवस कशावरून मोजले? संत ऑगस्टीननाही पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ते दिवस आपल्या दिवसांसारखे वाटले नव्हते. त्यांनी बजावूनही ठेवलं होतं: तारे, ग्रहणं यांबद्दल ख्रिस्ती माणसाने बायबल पुढे करून भलतंसलतं बोलू नये. जाणकार हसतात, आणि मग पुनरुत्थानाबद्दल बोललो तरी कोणी कान देत नाही.

उत्क्रांतीलाही बिचकू नकोस. आत्मा देवाकडून, एवढं राखून मानवी देहाच्या उगमाचा अभ्यास पोप पायस बारावे यांनी 1950 सालीच मोकळा ठेवला. 1996 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले की ही आता नुसती अटकळ राहिलेली नाही. गंमत बघ, 2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांती काढून टाकली. पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या पोरांना डार्विन भेटलाच तर तुझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात भेटेल. शिकव बिनधास्त.

मोह एकच टाळ: महास्फोट म्हणजेच उत्पत्तीची पहिली ओळ, असं सांगण्याचा. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियमचे धर्मगुरू. 1951 मध्ये पायस बारावे यांनी या शोधात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र सुखावले नाहीत, अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असं त्यांचं म्हणणं. उद्या तो सिद्धान्त बदलला तर काय, देवालाही रजा द्यायची? ‘आमच्या ग्रंथात सगळं आधीच होतं’ हा सूर आपल्या आजूबाजूला काय थोडा आहे, की त्यात आपलीही भर घालावी!

मला विचारशील तर पोरांना पुरावे देऊ नकोस, हिशेब दे. मी आयुष्यभर गणित शिकवलं म्हणून म्हणते असं समज हवं तर. (आपले नवे पोप लिओही गणिताचे पदवीधर आहेत, हे वर्गात जरूर सांग.)

यंदाचाच हिशेब घे. 12 एप्रिलला, शनिवारी, हनुमान जयंती झाली. म्हणजे पौर्णिमा. 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. मग तो 13 एप्रिलला का नव्हता, 20 ला का? पंचांग उघडायला लाव. पौर्णिमा संपली 13 च्या पहाटे, आणि तिथी संपण्याचा क्षण हाच चंद्र पूर्ण होण्याचा क्षण. ख्रिस्तसभेच्या कोष्टकातही पौर्णिमा 13 लाच. ती रविवारी पडली की सण पुढच्या रविवारी जातो. शेजारच्या काकूंचं पंचांग आणि आपलं कोष्टक, दोन्ही एकाच चंद्राचा ताळा करतात हे पोरांना स्वतः सापडू दे.

आणि हा ताळा चुकलाही होता. जुन्या दिनदर्शिकेचं वर्ष अकराएक मिनिटांनी मोठं. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात 21 मार्चवरून दहा दिवस मागे सरकला होता. येशूसंघीय गणिती क्लाव्हियस आणि मंडळींनी हिशेब केले आणि 1582 साली 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर उजाडला. सण नेमका पाळायचा म्हणून आकाश मोजावं लागलं.

मग पोरांना उज्जैनला ने, तुमच्या धारहून एका दिवसात होईल. जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांच्या वेधशाळेत नाडीवलय यंत्र बघा. 21 मार्चनंतर सहा महिने त्याच्या उत्तरेकडच्या तबकडीवर ऊन, पुढचे सहा महिने दक्षिणेकडच्या. ईस्टरच्या नियमातला 21 मार्च तो हाच. जयसिंह माळव्याचे सुभेदार होते. त्यांनी आग्र्याच्या मिशनमधल्या फादर फिगरेदोंना पोर्तुगालला पाठवून युरोपातली नवी कोष्टकं मागवली, वेध घेऊन ती तपासली, तर ला हीर यांच्या कोष्टकात चंद्राची जागा सुमारे अर्ध्या अंशाने चुकलेली. राजाने पुस्तक फेकलं नाही आणि डोक्यावरही घेतलं नाही. 1734 मध्ये चंद्रनगरहून आणखी दोन येशूसंघीय फादर वेध घेत घेत जयपूरला गेले.

गॅलिलिओ मात्र गाळू नकोस, मोठी पोरं पकडतील. 1633 साली ख्रिस्तसभेने त्याला शिक्षा केली ते चुकीचंच होतं, आणि ते नीट कबूल व्हायला 1992 उजाडलं. पण त्या शिक्षेनंतर बावीसच वर्षांनी बोलोन्याच्या चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कासिनीने छताला भोक पाडून, फरशीवर रेघ आखून सूर्य मोजला, हेही त्याच वर्गात सांग. दोन्ही गोष्टी एकाच ख्रिस्तसभेच्या.

आता कामाचं. देवास आणि धार दोन्ही कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला, म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एका दुपारी, साडेबाराच्या थोडं आधी, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. माझ्या हिशेबाने तुमच्याकडे 5-6 तारखेला, आमच्याकडे 9-10 ला. ही तारीख पोरांना सांगू नकोस. एक तारखेपासून रोज काठी लावा, सावली मोजा, आकडे लिहून मला पाठवा. जुलैत सूर्य परतताना पुन्हा संधी असते, पण तेव्हा ढग काही दिसू देत नाहीत, म्हणून जून चुकवू नका. ओळंबा लावायला विसरू नकोस. काठी तिरकी असेल तर सगळी मेहनत वाया.

तुझी,
आत्या