तीन ओळींचा बदल

प्रिय टीएल ९०००,

पुण्यात टेलिकॉम सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये माझी चौदा वर्षं गेली. तू टेलिकॉमच्या गुणवत्तेचं मानक, पण आमच्याकडे तुझं नाव निघतं ते ऑडिटच्या आधीच्या पंधरवड्यात. मग धावपळ करून रकाने भरले जातात. मला ते बघवत नाही.

तुझ्या जन्माआधीची एक गोष्ट मी नव्या मुलांना हमखास सांगते. जून १९९१ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिस भागातले लाखो फोन बंद पडले. सिग्नलिंगचं सॉफ्टवेअर डीएससी कम्युनिकेशन्सचं होतं. लाखो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये जेमतेम तीन ओळी बदलल्या होत्या. एवढ्याशा बदलासाठी सगळ्या चाचण्या पुन्हा कशाला, म्हणून त्या केल्याच नव्हत्या.

पुढे फोन कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार क्वेस्ट फोरममध्ये एकत्र आले आणि तू घडलास. पाया आयएसओ ९००१ चाच, पण नुसत्या कार्यपद्धतीवर तुझं समाधान नव्हतं. तू आकडे मागितलेस: तक्रारी किती आल्या, किती मुदतीत सुटल्या, यंत्रणा किती मिनिटं बंद राहिली. तक्रार ‘क्रिटिकल’ कधी म्हणायची, हे तू ग्राहकाच्या नुकसानीवरून ठरवलंस. दुरुस्ती आम्हाला किती अवघड जाते यावरून नाही. आणि सगळ्यांत मोलाचं, तू विचारलंस की दिलेल्या दुरुस्त्यांपैकी किती दुरुस्त्याच सदोष निघाल्या? सॉफ्टवेअर फिक्स क्वालिटीचा हा रकाना मी सगळ्यांत आधी बघते. घाई कुठे झाली ते तिथे लपत नाही.

लपवलं नाही तर.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका ग्राहकाला प्रीपेड बिलिंगच्या दुरुस्तीचा छोटा पॅच दिला. बदल चार ओळींचा. रिग्रेशन, म्हणजे सगळ्या जुन्या चाचण्या पुन्हा, पूर्ण चालवायला दोन दिवस लागणार होते, म्हणून आम्ही तेवढ्यापुरतं तपासलं आणि पाठवून दिलं. रात्री दोनला फोन आला, रिचार्ज होतोय पण बॅलन्स शून्य दिसतोय. मध्यरात्री कुणीतरी दवाखान्यात फोन लावत असेल आणि लागत नसेल, हाच विचार पॅच मागे घेईपर्यंत डोक्यात होता. पहाटे यंत्रणा पूर्ववत झाली.

महिनाअखेरीला साहेब म्हणाले, “ही वेगळी तक्रार म्हणून टाका, मायनरमध्ये. पॅचच्या रकान्यात नको.” मी तशी टाकली. उद्योगाची सरासरी काढायला टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेकडे आकडे जातात, त्यांत आमचं शून्यही गेलं. त्या सरासरीशी ताडून कुणी तरी स्वतःचं काम जोखत असेल, हे मला अजून सलतं.

पुरवठादाराचा सदोष पॅचचा आकडा वाढला की त्याला धारेवर धरणाऱ्या ग्राहकांनीही थोडं थांबावं असं मला मनापासून वाटतं. शून्य लिहिणाऱ्याला आधी विचारा, की तुम्ही रिग्रेशन किती चालवलं?

आज सकाळी मी ती नोंद पुन्हा उघडली. मायनर खोडून क्रिटिकल केलं आणि फिक्सच्या रकान्यात शून्याच्या जागी एक लिहिला. दुरुस्त आकडे पाठवायचं पत्र साहेबांच्या टेबलावर आहे. ऑडिटर गुरुवारी येतील.

तुझी,
एक टेस्टर