पडद्यामागचं पाणी

"घरी मराठी जरा कमी बोला," असं केजीतल्या बाईंनी सुचवलं तेव्हा माझ्या लेकाला पाच पूर्ण व्हायचे होते. वर्गात त्याचं लक्ष नसतं, शब्द अर्धवट उच्चारतो, आणि कारण काय, तर घरी मराठी, इमारतीत हिंदी, शाळेत इंग्रजी! मस्कतमधल्या आपल्यापैकी बऱ्याच आयांनी हा सल्ला ऐकला असेल. मला तो पटला नाही. आमच्याच इमारतीतली मल्याळी मुलं चार-चार भाषांत खणखणीत भांडत होती. शिवाय घरी टीव्हीचा आवाज रोज थोडा वर चढत होता, आणि मागून हाक मारली तर पठ्ठ्या मानही वळवत नव्हता.

म्हणून आधी कान दाखवले. डॉक्टरांना पडदा मळकट दिसला. मग कानात रबरी बोंड बसवून हवेचा दाब कमीजास्त करत टिंपॅनोमेट्री केली. मिनिटभराचं काम, दुखत नाही. निरोगी कानाचा आलेख डोंगरासारखा वर येतो. याचा दोन्ही कानांचा हैमाच्या रस्त्यासारखा सपाट. पडद्यामागे, मधल्या कानात द्रव साचला होता. ताप नाही, ठणका नाही, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. मूल ऐकतं, पण पाण्यात डोकं बुडवून ऐकावं तसं.

जबल अखदर चढताना आपल्या कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ती किमया नाकाच्या मागून कानाकडे जाणाऱ्या युस्टेशियन नळीची. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीनं किंवा सुजलेल्या अडेनॉइडमुळे ती नीट उघडत नाही, मग आतली हवा शोषली जाते आणि द्रव झिरपतो.

सासूबाईंनी पुण्याहून फोनवर लसणाचं कोमट तेल सुचवलं. पण पडदा शाबूत असताना तेल आत पोचणार कसं? अँटिबायोटिक नि ॲलर्जीच्या गोळ्यांचाही इथे उपयोग नसतो. डॉक्टर म्हणाले, तीन महिने थांबा, पुष्कळ मुलांचा द्रव आपोआप ओसरतो. तोवर टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलायचं. आम्ही बोललो, मराठीतच. बाईंनीही त्याला आनंदानं पहिल्या बाकावर बसवलं.

आमचा द्रव मात्र हटला नाही, आणि ऐकण्याची चाचणीही कमीच आली. शेवटी ग्रोमेट बसवायचं ठरलं. पडद्याला बारीक छेद देऊन द्रव ओढून घेतात आणि साबुदाण्याहून लहान नळी बसवतात. बंद पडलेल्या नळीऐवजी हवा तिथून आत जाते. आजच्यासारखी प्लॅस्टिकची नळी आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1954 मध्ये वापरात आणली. साधारण सहा महिने ते वर्षभरात ती आपसूक निघून पडते. पूर्ण भूल द्यावी लागते, हे ऐकून माझे हातपाय गार पडले होते. प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आत सगळं उरकलं आणि संध्याकाळी आम्ही घरी निघालो.

रुवीच्या वळणावर नवऱ्यानं सिग्नल दिला, तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, गाडीत काय टिकटिकतंय?"