पिंपळीच्या वाटेवर

बारामतीहून इंदापूरच्या दिशेने निघाले की शहर मागे पडता पडताच पिंपळी लागते. हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. दूर भाटघरकडे पडलेला पाऊस नीरा डाव्या कालव्याने इकडे येतो, म्हणून येथे ऊस उभा राहतो.

नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केलेला संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा बारामतीचा मुक्काम आटोपून याच वाटेने काटेवाडीला जातो. त्या दिवशी दारोदारी वारकऱ्यांसाठी पाणी भरून ठेवलेले असते आणि पाणी देणारेच घेणाऱ्यांच्या पाया पडतात. लहान मुलाला हे कोडेच वाटावे! गोचरीला साधू-साध्वी आल्या की घर धन्य झाले, असे मानणाऱ्या जैन कुटुंबांना मात्र ही रीत परकी नाही.

पुढे काटेवाडीत परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतो, मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरतात. ज्यावर पोट चालते, तेच प्रत्येकजण पुढे आणतो. मेंढ्यांमागे धावणाऱ्या पोराला ‘आभार मान’ असे कोणी बजावत नाही.

व्यापारी घरांतही दानाची परंपरा आहे. किंबहुना रक्कम वाढलीच आहे. पण बाटल्यांचे खोके नोकर उतरवतो, फलकावर आजोबांचे नाव असते आणि नातू गाडीच्या काचेआडून पालखी पाहतो. वास्तविक पेला भरून पुढे करणे सहा वर्षांच्या हातांना सहज जमते. थोडे पाणी सांडते, इतकेच.