हरिपुऱ्याची चित्रे दिल्लीच्या वाड्यात

शेतकऱ्यांची सहल दिल्लीला गेली की लाल किल्ला, कुतुबमिनार आणि पुसाची शेते पाहून मंडळी परत फिरतात. इंडिया गेटला लागूनच जयपूर हाऊस ही घुमटाची इमारत आहे, तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. एके काळी हा जयपूरच्या महाराजांचा दिल्लीतला वाडा होता. २९ मार्च १९५४ रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते येथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. ते तेव्हा उपराष्ट्रपती होते.

चित्रांशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो तापीकाठचा आहे.

आपल्या खानदेशातून वाहत जाणारी तापी पुढे गुजरातेत हरिपुरा गावाजवळून जाते. तेथे १९३८ साली सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यातल्या माणसाला येता-जाता चित्रे दिसावीत अशी गांधीजींची इच्छा, म्हणून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस कामाला लागले. हातकागद, साधे मातीचे रंग आणि जाड, भरदार रेघ. विषय कोणते? नांगरट करणारा गडी, कापूस पिंजणारा पिंजारी, शिंपी, ढोलवाला, पैलवान, लेकराला पाजणारी आई. नंदलालांनी स्वतः ८०हून अधिक चित्रे काढली. अधिवेशनाच्या मांडवात, उघड्यावर लावण्यासाठीच ती होती. गर्दीतल्या शेतकऱ्याने मान वर केली की त्याला आपलाच धंदा रंगवलेला दिसावा!

ही हरिपुरा चित्रे आज जयपूर हाऊसच्या संग्रहात आहेत. नंदलालांची लहानमोठी हजारो कामे तेथे आहेत.

असा संग्रह वाढतो कसा? काही चित्रे सरकार विकत घेते. त्यासाठी जाणकारांची समिती असते. काही चित्रकारांच्या घरच्यांकडून येतात. अमृता शेर-गिल १९४१ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारली. तिची चित्रे पतीकडून आणि वडिलांकडून येथे आली. आज ती शंभराहून अधिक आहेत. त्यातल्या ‘तीन मुली’ या चित्राला १९३७ साली मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते. डोक्यावर ओढणी, नजर खाली, तिघी गप्प. आमच्या सहलीतल्या एक काकू त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “लगीन ठरल्यावानी बसल्यात गं.” मला वाटते, त्यांना चित्र कळले.

शेर-गिल, नंदलाल, रविवर्मा अशा काही चित्रकारांच्या कृती कायद्याने राष्ट्राचा कलाठेवा ठरलेल्या आहेत. त्या कायमच्या परदेशी नेता येत नाहीत.

संग्रहालयात १७ हजारांहून अधिक कलाकृती आहेत. भिंतीवर मात्र त्यातल्या थोड्याच. बाकीच्या कोठारात. कागदाचे शत्रू तीन: ऊन, ओल आणि कसर. बियाण्याला जपतो तसेच हे जपणे, म्हणून चित्रे आळीपाळीने बाहेर काढतात. ते योग्यच. तरी मनाला एक गोष्ट लागते. जी चित्रे शेतकऱ्यासाठी वाऱ्या-धुळीत उभी केली, ती आता कुलपात. २०१९ साली त्यातली काही इटलीतल्या व्हेनिसच्या प्रदर्शनात गेली. आनंद आहे. पण त्यांच्या चांगल्या छापील प्रती जिल्ह्याच्या कृषी प्रदर्शनात फवारणी पंपांच्या शेजारी लावायला काय हरकत आहे? मूळ चित्र मांडवात नको, हे मीही म्हणेन. रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, म्हणून तर त्याची लक्ष्मी आणि सरस्वती खेड्यातल्या घराघरांत पोचली. मूळ तैलचित्र आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

दिल्ली लांब पडत असेल तर मुंबईला जा. तेथे याच संग्रहालयाची शाखा १९९६ पासून कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या समोर. बंगळुरूलाही २००९ साली शाखा निघाली. सोमवारी बंद असते. आणि जाण्याआधी कोणते प्रदर्शन लागले आहे ते विचारून घ्या. नेमकी नांगरटीचीच चित्रे त्या दिवशी भिंतीवर असतील असे नाही.