प्रत्येकाची शक्तिमान

काकांनी मिल्ट्रीच्या लिलावातून शक्तिमान ही ट्रकगाडी आणली ती नव्वदीच्या सुरुवातीला. आजीनं ओट्यावरूनच विचारलं, "एवढं धूड आणलंस, ह्याला वैरण काय घालशील?" प्रश्न रास्त होता. पण काकांचा हिशोब वेगळा होता. पावसाळ्यात आमच्या शेतरस्त्याच्या काळ्या मातीत बैलगाडीही रुतायची. हळद मोंढ्यावर न्यायची तर आधी ती डांबरीपर्यंत काढणं हीच खरी कामगिरी. चारी चाकं ओढणारी गाडी त्या पैशात दुसरी कुठली मिळणार?

जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यानं १९५९ पासून जबलपूरला या गाड्या बनल्या, १९९६ पर्यंत बनत राहिल्या. सैन्यात अशा गाडीमागे अख्खं वर्कशॉप असतं. ईएमई या लष्कराच्या दुरुस्ती विभागाचे कारागीर, नोंदवह्या, ठरल्या दिवशी ठरलेली तपासणी. आमच्याकडे काका, एक ड्रायव्हरमामा आणि शाळेतून आलेली आम्ही चुलत-आतेभावंडं. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला गाडीचा एकेक तुकडा आला. आज आम्ही जमलो की चौघं चार वेगळ्या गाड्यांबद्दल बोलत असतो.

दादाची शक्तिमान म्हणजे गिअर. चिखलात पुढचा एक्सल लावायचा आणि डांबरीवर येताच काढायचा, हे ड्रायव्हरमामानं त्याला पढवलं होतं. काढायला विसरलं की वळणावर पुढची नि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, ताण साठत जातो, स्टिअरिंग जड होतं आणि दांडा जागचा हलत नाही. मग दांडपट्टा खेळून उपयोग नसतो. गाडी थोडी मागं घ्यायची, ताण सुटतो, दांडा बोटानं निघतो. दादा हे आजही हातवारे करून सांगतो, ऐकणाऱ्याच्या हातात चहाचा कप असला तरी.

ताईची गाडी मात्र बोनेटखालची. टाकीत डिझेल तळाला गेलं की पाइपात हवा शिरायची आणि इंजिन मुकाट बंद पडायचं. फिल्टरवरचा नट थोडा सैल करायचा आणि खालचा हातपंप मारत राहायचं. आधी फेसाळ डिझेल फुसफुसत येतं, मग बुडबुडे विरळ होतात, मग स्वच्छ धार लागते. धार असतानाच नट आवळायचा. त्या अडचणीच्या जागेत मोठ्यांचा पंजा जात नसे, ताईचा जायचा. रस्त्यात गाडी थांबली की काका पाना तिच्या हातात द्यायचे. बाराखडीइतकंच ते तिला पाठ होतं, आणि "मुलीच्या जातीला" वगैरे म्हणायला आलेल्या पाहुण्यांना काका गाडी ढकलायला लावायचे.

माझ्याकडे ग्रीसगन. निपल आधी चिंधीनं पुसायचं, नाहीतर ग्रीसबरोबर माती आत जाते. जुनं काळं ग्रीस बाजूनं बाहेर आलं की समजायचं, पोहोचलं.

धाकट्याला फक्त रंग आठवतो. लष्कराचा तो हिरवा खासगी गाडीला चालत नाही, म्हणून परभणीला पासिंगला नेण्याआधी तिला निळी केली होती. (आमचा हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला, तोवर सगळी कामं परभणीला.) निळा घाईत मारलेला. पोती घासली की खालून हिरवा निघायचा, आणि बंपरवर लष्करी नंबराचा बाणही. बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात आल्याचं साल, हे कळल्यापासून धाकटा तिचं वय सांगत गावभर हिंडायचा. महाशिवरात्रीला नागनाथाच्या यात्रेसाठी आजोळची सगळी माणसं हौद्यात बसून यायची, तेव्हा त्याच्या या व्याख्यानाला श्रोते आयतेच मिळायचे.

सुटे भाग भंगारातल्या दुसऱ्या शक्तिमानमधून यायचे, न मिळालं तर बुश लेथवर वळवून घ्यायचं. परवडत नव्हतं असं नाही, पण रस्ता झाला आणि ट्रॅक्टर आला. मग तिची गरजच उरली नाही. घेणाऱ्यानं हौदा उतरवून तिच्यावर क्रेन बसवली.

पुढे कितीतरी वर्षांनी दादाला वसमतच्या रस्त्यावर अशी एक क्रेन दिसली आणि त्यानं आम्हा सगळ्यांना फोन केले. ताई नेमकी माहेरी आली होती. ती तिथं गेली, क्रेनवाल्याला बोनेट उघडायला लावलं, फिल्टरवरचा नट चाचपला आणि म्हणाली, "आपली नाही. आपला पार गोल झिजला होता."